फंक्शनवाले डॉक्टर

अन्याय झाला तो अमळनेरच्या अक्कांवर आणि त्यांच्या डॉक्टरांवर. कधी झाला तेही सांगतो, कारण "मागे कधीतरी झालं होतं म्हणे" असं म्हणत सगळं विरघळवून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. गेल्या वर्षीच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, सकाळी, वॉर्डातल्या नाश्त्याच्या ताटल्या गोळा होत होत्या तेव्हा, जळगावातल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात. अक्कांचं अर्धं डोकं भादरलेलं होतं, अंगावर हिरवा गाऊन होता, पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि ऑपरेशन थिएटरच्या दारातून त्यांची गाडी उलटी फिरवून त्यांना परत खाटेवर आणून टाकलं.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. लिहिलं की सगळे नावावरून भांडतात आणि मुद्दा बाजूला राहतो. डॉक्टरांचंही नाव लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही. माझं लिहिलेलं त्यांना कधीच काही आवडलेलं नाही.

"सांगू नका. करून दाखवा."

हे त्यांचं वाक्य. तुमच्यापैकी जे त्यांच्या ओपीडीत गेले असतील त्यांनी ऐकलंच असेल. पेशंट खुर्चीत टेकून "डॉक्टरसाहेब, काय होतं ना..." अशी सुरुवात करायचा की यांचा तळवा वर, चौकातल्या ट्रॅफिक पोलिसासारखा. सांगू नका, करून दाखवा. लिहिताना हात थरथरतो? हा घ्या पेन. पाणी सांडतं? हे दोन ग्लास, यातलं त्यात ओता. दारातून जाताना पाय जमिनीला चिकटतात? ते दार आहे, बाहेर जा, आत या. पुन्हा जा. पुन्हा या. आणि हा माणूस हनुवटीखाली मूठ धरून टक लावून बघत बसायचा, जणू समोर क्रिकेटची शेवटची ओव्हर चालू आहे. तेवढ्या वेळात शेजारच्या केबिनमधले डॉक्टर अर्धी ओपीडी उरकून चहा पिऊन यायचे.

एकदा एका बँडपथकाच्या क्लॅरिनेटवाल्याने सांगितलं, वाजवताना ओठ वाकडा होतो. "घेऊन या वाद्य." तो खरंच घेऊन आला. ओपीडीत वरातीतलं गाणं सुरू झालं, बाकावरची दोन म्हातारी माणसं ताल धरायला लागली, मधेच त्याचा ओठ आकडला आणि सूर घसरला. वरच्या मजल्यावरच्या बाळंतिणींच्या वॉर्डातून सिस्टर धावत आल्या. डॉक्टर त्यांना म्हणाले, "थांबा सिस्टर, अजून एकदा घसरू दे. मला नीट दिसलं नाही."

मी त्यांच्याकडे गेलो होतो ते पत्रक घेऊन. आमचा रुग्णहक्कांचा छोटा गट आहे, चारपाच पोरं-पोरी, जळगावातल्या मेहरूणला एका मित्राच्या गाळ्यात बसतो. सरकारी दवाखान्यात मेंदूच्या आजारांचा पूर्णवेळ डॉक्टर नाही, यावर मी पत्रक लिहिलं होतं. म्हटलं, एखाद्या तज्ज्ञाच्या नजरेखालून घालावं. त्यांनी लाल पेन काढलं. "निर्दयी" खोडलं. "झोपलेलं" खोडलं. "रक्ताला चटावलेली व्यवस्था" यावर तर दोनदा रेघ मारली.

"सर, विशेषणं काढली तर राहिलं काय?"

"काय झालं ते राहिलं. तेवढंच लिहा."

"पण मग वाचणार कोण?"

"ज्याला दुखतंय तो."

मला इतका राग आला की मी ते पत्रक विशेषणांसकट छापलं. पुढच्या वेळी गेलो तर टेबलावर तेच पत्रक, आणि पुन्हा लाल रेघा. छापलेल्या पत्रकावर! वर म्हणतात, "या कार्यकर्ते. दुसऱ्या आवृत्तीला उपयोगी पडेल." त्या दिवसापासून माझं नाव कार्यकर्ते पडलं ते पडलंच.

आता त्यांचं काम काय होतं ते सांगतो, मला जसं कळलं तसं. काही आजारांत मेंदूच्या फोटोत काही दिसत नाही. गाठ नाही, रक्तस्राव नाही, सगळं जागच्या जागी. तरी काम बिघडलेलं असतं. कंपवात, एका बाजूला ओढली जाणारी मान, ऐन कामाच्या वेळी आकडणारा हात. मेंदूतला एक बारीकसा ठिपका चुकीचे हुकूम सोडत असतो. तो ठिपका शोधायचा, कवटीला लहानसं छिद्र पाडून तिथपर्यंत बारीक सळई न्यायची आणि त्याला गप्प करायचं. कधी तिथे तार ठेवून हलका करंट देतात, कधी सळईचं टोक तापवून ठिपकाच जाळतात. आणि पेशंट बहुतेक वेळा जागा असतो. हात हलवत असतो, बोलत असतो, म्हणजे बरोबर जागा सापडली की नाही ते तिथल्या तिथे दिसतं. मेंदूचं काम दुरुस्त करणारी शस्त्रक्रिया, म्हणून तिला फंक्शनल न्यूरोसर्जरी म्हणतात.

पाटीवर तेच लिहिलं होतं. मोठ्या अक्षरात, देवनागरीत. फंक्शनल न्यूरोसर्जन.

आता तुम्हीच सांगा, आपल्या खानदेशात फंक्शन म्हणजे काय? लग्न, साखरपुडा, जाऊळ, मास्तरांची रिटायरमेंट. गावात हा विनोद व्हायला किती वेळ लागणार? स्टेशनवरून रिक्षात बसलो आणि पत्ता सांगितला तर रिक्षावाला म्हणतो, "फंक्शनवाले डॉक्टर ना? मंडप बी तेच देतात का?" एका मंगल कार्यालयाच्या मालकाने तर भागीदारी करू म्हणून निरोप पाठवला होता. मी डॉक्टरांना म्हटलं, "सर, पाटी बदला. हात थरथरणे, मान वाकडी होणे, असं साधं लिहा."

"तो शब्द बरोबर आहे."

"बरोबर आहे, पण कुणाला कळत नाही."

"विचारतील."

"विचारत नाहीत हो, हसतात!"

"हसत हसत आत येतात ना? येऊ दे."

असा माणूस. सांगा, याच्यासाठी चळवळ करायची कशी?

ते मूळचे यावलकडचे. घरी केळी. मुंबईत शिकले, पुढे आणखी दोन ठिकाणी हेच काम शिकले, आणि तिथेच राहिले असते तर आज त्यांचं नाव वेगळ्याच पाट्यांवर असतं. ते इथे आले. त्यांच्याबरोबर एक पेटी आली. पेटीत धातूची एक चौकट होती, ऑपरेशनच्या वेळी डोक्याला घट्ट बसवतात ती, म्हणजे सळईचा नेम केसभरही हलत नाही. पहिल्या दिवशी गेटवरच्या सिक्युरिटीने पेटी उघडायला लावली. हा सिक्युरिटीवाला पूर्वी ठिबक सिंचनाच्या कारखान्यात होता. तो चौकट उलटीसुलटी करून म्हणाला, "साहेब, हे फिल्टर कोणत्या पाइपाला बसतं?" डॉक्टर म्हणाले, "मानेवरच्या."

चौकट पेटीतच राहिली. हॉस्पिटलला हायवेवरची फुटलेली डोकी शिवणारा सर्जन हवा होता, आणि तो फुकटात फंक्शनल निघाला एवढंच. सकाळी फुटलेली डोकी, संध्याकाळी फुटलेली डोकी. हेल्मेट डिकीत, डोकं रस्त्यावर. ते शिवायचे, तक्रार करायचे नाहीत. आणि रविवारी स्वतःच्या गाडीने चोपडा, पारोळा, धुळे करत फिरायचे. तालुक्याच्या डॉक्टरांना जमवून पेशंटच्या छोट्या फिल्म दाखवायचे. हा बघा, हे म्हातारपण नाही. ही बघा, हिच्या अंगात येत नाही. समोरची मंडळी समोसे खायची, कार्ड खिशात टाकायची आणि जायची. पुढचे कित्येक आठवडे एकही पेशंट नाही. मी म्हणायचो, "सर, दुकान असं चालत नाही." ते म्हणायचे, "एक आला ना पारोळ्याहून?" एक! एक आला तर या माणसाचा चेहरा असा व्हायचा की वाटावं जिल्हा जिंकला.

मी एकदा वैतागून विचारलंच की या नसत्या उद्योगात पडलात कशाला. हॉस्पिटलसमोरच्या टपरीवर उभे होतो. म्हणाले, शिकत असताना मुंबईत एका कंपवाताच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या मेंदूत तार बसवत होते. करंट सुरू केला आणि त्यांचा हात थांबला. सगळे डॉक्टर खूश. ते गृहस्थ आपल्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तो हात हळूच वर नेला आणि नाक खाजवलं.

"मग?"

"मग काही नाही. म्हणाले, सून खाजवून द्यायची, पण तिला नेमकी जागा सापडायची नाही."

हे सांगून डॉक्टर एकटेच हसत बसले. चहा गार झाला. मी म्हटलं, सर, हे पत्रकात घालू? तर म्हणे नको, त्यांना विचारलेलं नाही.

अक्का आल्या त्या दिवशी मी तिथेच होतो. अमळनेरकडच्या, पन्नाशीच्या, अंगाने जरा जाडच, नऊवारीचा काष्टा घट्ट. सोबत मुलगा. आत येऊन बसल्या त्या खुर्चीच्या अगदी पुढच्या कडेवर, आणि म्हणाल्या, "डॉक्टर भाऊ, बाहेर पाटीवर फंक्शन लिखेल शे, म्हणीसन मी उनी. मी फंक्शनमा मांडा करस."

मला हसू दाबता येईना. अक्का लग्नाकार्यात मांडे करायच्या. पुरणाचा गोळा भरायचा, दोन्ही हातांवर झुलवत झुलवत रुमालाएवढा, मग पंचाएवढा करायचा आणि उपड्या तापलेल्या खापरावर टाकायचा. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. चार तालुक्यांत त्यांच्या हाताला मागणी. आणि पाटी वाचून त्यांची समजूत झाली की फंक्शनमध्ये काम करणाऱ्यांचा खास डॉक्टर आलेला दिसतो. त्या दुसऱ्याच कामाने, कुणाला तरी भेटायला हॉस्पिटलात आल्या होत्या.

डॉक्टर हसले नाहीत. विचारलं, "काय होतं?"

"गोळा हातवर लिधा का बोटं आकडी जातस. मनगट वळी जास. मांडा फाटस. एरवी काय नही! सुई ववस, येणी घालस, बठ्ठं करस. फक्त मांडा करताना मन्हा हात मन्हं ऐकस नही." मग खाली बघून, "घरना म्हनतस, नाटक शे."

मुलगा घाईघाईने म्हणाला, "मी नाही म्हणत साहेब. काकू म्हणतात."

"तू बी म्हनेल शे, गयी दिवाळीले."

डॉक्टरांचा तळवा वर. "सांगू नका, अक्का. करून दाखवा."

"इठे खापर कोठे शे?"

खापर नव्हतं, पण शेजारी खानावळ होती. डॉक्टरांनी मला पिटाळलं. मी, व्यवस्था बदलायला निघालेला माणूस, खानावळीतून पोळ्यांच्या कणकेचा गोळा कागदात गुंडाळून घेऊन आलो. अक्कांनी तो बोटाने दाबून पाहिला. "हाई काय कनिक शे? हाई तं चामडं शे." तरी त्यावर पाणी मारून, मळून मळून त्यांनी तो मऊ केला, उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि गोळा हातांवर घेतला.

दोनतीन झोके झाले. त्या बाईचं उभं राहणंच बदललं. खांदे सैल, नजर हातावर, चेहऱ्यावर एक प्रकारचा रुबाब. आणि मग उजव्या हाताची बोटं आत वळायला लागली. हळूहळू, एकेक करून, जणू दुसरं कुणी तरी आतून ओढतंय. मनगट मुडपलं, कणीक फाटली, लोंबली, खाली पडली.

"पुन्हा," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा फाटली. "अजून एकदा, अक्का." मला ते बघवेना. मी म्हटलं, "सर, बस ना आता." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची सोडून ते जमिनीवर उकिडवे बसले होते, अक्कांच्या हाताच्या पातळीवर डोळे आणून.

मग उठले, हात झटकले आणि म्हणाले, "हे नाटक नाही. हा आजार आहे. याला नाव आहे. एकाच कामात हात आकडतो. काही लोकांना लिहिताना होतं, काहींना वाजवताना. तुम्हाला मांडे करताना. औषधाने झालं तर बघू, इंजेक्शनने बघू, नाही तर ऑपरेशन आहे."

अक्कांनी हाताला चिकटलेली कणीक सावकाश काढली. मग मुलाकडे वळून एवढंच म्हणाल्या, "आयकं का?"

औषधं झाली, इंजेक्शनं झाली. फरक थोडा, टिकत नव्हता. अक्कांची कामं सुटत गेली. लोक हळहळायचे आणि दुसऱ्या बाईला बोलवायचे. शेवटी अक्कांनीच सांगितलं, ऑपरेशन करा. डॉक्टरांनी धोके सांगितले. बोलणं जड होऊ शकतं, हात कमजोर होऊ शकतो, फरक पडेलच असंही नाही. मी बाहेर आल्यावर म्हटलं, एवढं घाबरवायची गरज काय होती? तेव्हा पहिल्यांदा ते माझ्यावर चिडले, आणि चिडले की यावलची बोली बाहेर यायची. "काय बोलू राह्यला रे तू? डोकं त्यांचं हाये का तुझं?"

थिएटर मिळेना. डॉक्टरांची मागणी एकच होती. आठवड्यातला एक वार द्या, त्या दिवशी अपघाताची केस दुसरं कुणी बघेल, मी ही कामं करीन. दर वेळी मोठे साहेब, म्हणजे हॉस्पिटलचे मेडिकल डायरेक्टर, "बघू" म्हणायचे. शेवटी आखाजीचा आदला दिवस मिळाला. कारण उघड होतं, सगळा स्टाफ गावी जायच्या घाईत, थिएटर तसंही रिकामंच राहणार होतं. अक्का म्हणाल्या, "आखाजीले मी मांडा करनार नही, हाई पहिलांदा." पण आल्या.

आता नीट ऐका, कारण यापुढे जे झालं ते एका शब्दाने झालं.

डॉक्टर खाली स्कॅनच्या खोलीत तयारी करत होते. अक्का थिएटरच्या दारात गाडीवर. मुलगा आणि मी बाजूला. मोठे साहेब राउंडला आले. अक्कांना त्यांनी आजवर कधी तपासलं नव्हतं. त्यांनी पाहिलं की बाई दोन्ही हातांनी शेजारच्या पेशंटच्या लहान नातीची वेणी घालून देतेय. सुरेख, घट्ट वेणी.

"हात तर चांगला आहे हिचा!"

मुलगा मदत करायला पुढे झाला. "साहेब, एरवी चांगलाच असतो. फक्त मांडे करताना होतं."

मोठे साहेब बरोबरच्या डॉक्टरकडे बघून हसले. "म्हणजे फंक्शनल आहे."

इथे मी एक खुलासा केला पाहिजे. डॉक्टर लोकांच्या बोलण्यात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. तपासणीत काही सापडलं नाही की जुन्या पद्धतीचे डॉक्टर म्हणतात, फंक्शनल आहे. म्हणजे मनाचं आहे. घरच्यांच्या भाषेत, नाटक. ज्या शब्दाची पाटी लावून हा माणूस बसला होता, तोच शब्द त्याच्याच पेशंटच्या उरावर बसला.

पण मुलाला यातलं काय ठाऊक? त्याचा चेहरा उजळला. एवढ्या मोठ्या साहेबांना आईचं दुखणं बरोबर कळलं म्हणून. "हो साहेब! फंक्शनचंच आहे! घरी कधी होत नाही, फंक्शनमध्येच होतं. आमचं पण हेच म्हणणं आहे!"

"बघा," मोठे साहेब म्हणाले, "घरचेच सांगतायत." आणि बोटाने गोल फिरवून खूण केली. गाडी फिरवा.

मी ओरडलो. मला बोलता येतं, मी सभेत बोलतो, पण त्या वेळी तोंडातून फक्त "अहो, अहो" निघालं. वॉर्डबॉयने गाडी फिरवलीसुद्धा. मुलगा माझ्याकडे बघत होता, त्याला कळेना मी का ओरडतोय. अक्कांना कळलं. त्यांनी त्या पोरीच्या वेणीला शेवटची गाठ मारली आणि हात गाऊनच्या आत ओढून घेतला.

डॉक्टर जिन्यातून धावत वर आले ते थेट मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये. दार उघडंच होतं, मी सगळं ऐकलं. आवाज चढला नाही. ते म्हणत होते, "तुम्ही त्यांना कणकेचा गोळा द्या आणि पाच मिनिटं बघा."

"डॉक्टर, हे हॉस्पिटल आहे, खानावळ नाही."

"फक्त बघा."

"नातेवाइकांनी माझ्यासमोर मान्य केलंय. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

ते बाहेर आले. मी म्हटलं, आता गेटवर बसू. संध्याकाळपर्यंत पन्नास माणसं आणतो. आजच्या आज पत्रक काढतो. माझं डोकं भणभणत होतं, आणि हा माणूस मला म्हणतो काय, "कार्यकर्ते, आधी त्यांना जेवायला घाला. कालपासून उपाशी आहेत." आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, "तुझी काही चूक नाही रे. शब्दच तसा आहे."

बघा म्हणजे! भांडायचं सोडून शब्दाची बाजू घेतोय!

त्यांनी अक्कांना मुंबईला नेलं, आपल्या गुरुजींच्या हॉस्पिटलात. तिथे ऑपरेशन झालं. मी नव्हतो, मुलाने सांगितलं ते सांगतो. डोक्याला चौकट बसवलेली, बाई जागी, आणि मांडा करून दाखवायचा आहे. डॉक्टरांनी आधी ओला रुमाल दिला. अक्का म्हणाल्या, याच्यावर हात फसत नाही. मग स्वच्छ रबरी हातमोज्यात कणीक भरून गाठ मारली आणि ती त्यांच्या हातांवर ठेवली. झोका दिला की बोटं वळत होती. सळईचं टोक तापत गेलं. वळायची थांबली. अक्कांनी पुन्हा झोका दिला, पुन्हा दिला. थिएटरमधल्या मुंबईच्या डॉक्टरांना काही कळेना की ही बाई पडल्या पडल्या काय करतेय. आणि अक्का म्हणाल्या, "डॉक्टर भाऊ, आते खापर तपाडा."

मी लगेच पत्रकाचा मथळा लिहिला, "खानदेशच्या लेकाचा चमत्कार". फोनवर वाचून दाखवला. पलीकडून, "चमत्कार खोडा. त्यांचं बोलणं अजून जड आहे ते लिहा." बोलणं काही आठवड्यांनी सुधारलं. हात पूर्वीसारखा झाला नाही, लवकर दमतो. अक्का आता मोठ्या लग्नांची कामं घेत नाहीत, लहान कार्यं घेतात, आणि मांडे आधीपेक्षा जरा लहान होतात. पण होतात, आणि फाटत नाहीत. डॉक्टर दर रविवारी त्यांना फोन करून विचारायचे. अक्का वैतागून म्हणायच्या, "सांगानं नही ना? मंग ईसन देखी ल्या." येऊन बघून जा! आणि हा माणूस खरंच गाडी काढून जायचा.

दिवाळीनंतर ते जळगाव सोडून मुंबईला गेले. वार मिळाला नाही तो नाहीच. त्यांच्या खोलीत आता डोक्यावर केस लावून देणारे बसतात, त्यांना आठवड्यातले तीन वार आहेत. मी हे ऐकलं तेव्हा भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं, पण मग ते शिवणार कोण?

जायच्या आधी भांडलो मी त्यांच्याशी. तुम्हीही गेलात शेवटी, सगळे जातात तसे, असं तोंडावर बोललो. पेटीला दोरी बांधत होते. म्हणाले, "मी दोन वर्षं एक वार मागत होतो. माझ्याशिवाय कुणी मागितला? एवढे पेशंट बघितले, त्यातला एक माणूस, एखाद्याचा मुलगा, एखाद्याची सून, त्या केबिनमध्ये गेली का? तुम्ही पत्रकं वाटलीत. गेटवर. आत कोण गेलं?"

मी म्हटलं, "लोक घाबरतात."

"मग मी पण घाबरत होतो," ते म्हणाले, आणि गाठ आवळली.

जळगावात असताना धुळ्याला दर गुरुवारी ते एका मित्राच्या दवाखान्यात बसायचे. मागच्या महिन्यात तिथून जात होतो. दवाखान्याच्या पायऱ्यांवर एक आबा बसलेले. कंपवात. सगळं अंग हलतंय, मांडीवरची पिशवी हलतेय. इस्त्रीचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं. बाजूला सून. ती मला म्हणाली, "डॉक्टर गेलेत हे यांना सांगून सांगून थकले हो. यांच्या मेंदूत तार बसवायची तयारी झाली होती. मुंबईचा प्रवास यांना झेपत नाही. गुरुवार आला की सकाळपासून बटणं लावायला बसतात. दुसऱ्याला लावू देत नाहीत."

आबा माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असावं, मीच काही तरी सांगायला आलोय.

सांगायचंच तर तुम्हाला सांगतो. असे आबा तुमच्या घरात आहेत, तुमच्या गल्लीत आहेत. अशी बाई तुमच्या भावकीत आहे, जिचं तुम्ही नाटक म्हणून सोडून दिलंय. त्यांना घेऊन तुमच्या शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलात जा. सरकारी असो, खाजगी असो. बाहेरच्या बाकावर बसू नका, मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये जा, आत, आणि त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसा. विचारा, यांच्यासाठी डॉक्टर का नाही, आणि थिएटरचा एक वार का नाही. ते म्हणतील, बघू. म्हणू द्या. उत्तर मिळेपर्यंत खुर्चीतून उठू नका.